४६ मिलिमीटर

जानेवारीतली सकाळ. हवा उणे चौदा. पिकअपचा फाळका खाली पडला आणि ताडपत्रीवरचं जनावर दिसलं, तेव्हा पहिल्या नजरेत मलाही ते प्रचंड वाटलं. शेपूट फाळक्याच्या बाहेर लोंबत होती आणि हिवाळ्याची दाट लव दंवानं ताठ झाली होती. शिकारी चाळिशीतला, डोळ्यांत रात्रीचं जागरण. म्हणाला, "टॉम आहे. एकशे सत्तर पौंड तरी नक्की."

अमेरिकेतल्या पश्चिम कोलोरॅडोत प्युमा या मोठ्या रानमांजराला सगळे नुसतं 'लायन' म्हणतात आणि नराला 'टॉम'. मीकर गावाच्या पट्ट्यात मी वन्यजीव खात्यात हंगामी तंत्रज्ञ होते आणि हिवाळ्यातलं माझं मोठं काम म्हणजे मारलेल्या लायनची तपासणी. इथला नियम असा की मारल्यावर ४८ तासांत कळवायचं आणि पाच दिवसांत कातडं आणि कवटी समोर आणून दाखवायची. ती गोठलेली चालत नाही. जाणते शिकारी जनावर आखडण्याआधीच जबड्यात काठीचा तुकडा अडकवून ठेवतात, कारण आम्हाला एक छोटी दाढ काढून घ्यावी लागते. तिच्या मुळाचा पातळ काप केला की झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात आणि त्यावरून वय कळतं. बहुतेक जण कातडं आणि कवटीच आणतात. या दोघांनी सगळं जनावरच आणलं होतं, वजन करून हवं होतं म्हणून.

दुसरा माणूस कुत्रेवाला, म्हणजे मागावर कुत्री सोडून लायनला झाडावर चढवणारा. सत्तरीचा, या डोंगरात पन्नास हिवाळे कुत्र्यांमागे धावलेला. गाडीतल्या खोक्यांत त्याची पाच कुत्री गप्प बसली होती. तो काहीच बोलत नव्हता. ते मला तेव्हाच जाणवलं होतं. कारण हाच माणूस एरवी मागाबद्दल बोलायला लागला की थांबवावं लागायचं.

वजनकाट्याला पुढचे पाय बांधून आम्ही तिघांनी जनावर वर ओढलं. काटा थरथरला आणि ९८ पौंडांवर थांबला. म्हणजे ४४ किलो.

शिकारी म्हणाला, "काटा बिघडलाय."

मी काही बोलले नाही, भिंतीजवळचं २० किलोचं वजन आणून लावून दाखवलं. काटा बरोबर होता.

मला त्या क्षणी आठवले ते तात्या. आमचं गाव जुन्नर तालुक्यात, ओतूरच्या अलीकडे. मी कॉलेजात असताना उसाच्या कडेला तात्यांना बिबट्या दिसला आणि घरी येऊन त्यांनी सांगितलं, "अगं पोरी, रेडकाएवढा होता!" तात्या खोटं बोलणारा माणूस नाही. चार दिवसांनी त्याच शेतात पिंजरा लावला आणि बिबट्या सापडला, तेव्हा माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रात नेऊन वजन केलं ते ३१ किलो भरलं. दीड-दोन वर्षांची मादी होती. तात्यांनी पिंजऱ्यापाशी उभं राहून म्हटलं होतं, "ही ती नव्हे." आणि पुढे कितीतरी दिवस ते संध्याकाळी त्या बांधानं गेले नाहीत.

मांजरकुळातलं जनावर आहेच असं. लवचिक अंग, सैल कातडं, लांब शेपूट. प्युमाच्या एकूण लांबीत तर जवळपास एक तृतीयांश वाटा शेपटीचा. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सात फूट म्हटलं की ऐकणाऱ्याला सात फुटांचा देह दिसतो. आपल्याकडे साहेबांच्या राज्यात वाघ मोजायच्या दोन पद्धती होत्या. एक नाकाशी आणि शेपटीच्या टोकाशी खुंट्या ठोकून त्यांच्यामधलं सरळ अंतर मोजायची, दुसरी टेप अंगाच्या वळणांवरून फिरवायची. दुसऱ्या पद्धतीत वाघ कित्येक इंच वाढायचा. म्हणूनच अमेरिकेत लायनच्या शिकारीची नोंद लांबीवर किंवा वजनावर करत नाहीत, कवटीवर करतात. खालचा जबडा काढून, साठ दिवस वाळवून, कवटीची जास्तीत जास्त लांबी अधिक जास्तीत जास्त रुंदी. ही बेरीज १५ इंच झाली की ते जनावर विक्रमांच्या मोठ्या वहीत जातं. हाड ताणता येत नाही आणि त्यात मांस भरून फुगवता येत नाही.

याच मीकरच्या डोंगरात १९०१ च्या हिवाळ्यात थिओडोर रूझवेल्ट, उपराष्ट्राध्यक्षपदाची शपथ घ्यायच्या काही आठवडे आधी, कुत्री घेऊन लायनच्या मागे फिरत होते. त्या माणसाबद्दल माझं मत काहीही असो, त्यानं एक गोष्ट चोख केली. प्रत्येक जनावर काट्यावर घातलं आणि टेपनं मोजून आकडे लिहून ठेवले. सगळ्यात मोठा नर २२७ पौंडांचा भरला, म्हणजे १०३ किलो. गावच्या चहाच्या टपरीसारख्या इथल्या प्रत्येक उपाहारगृहात तुम्हाला दोनशे पौंडांचा लायन पाहिलेला माणूस भेटेल. काट्यावर तेवढा भरलेला लायन मी तरी एकही पाहिलेला नाही.

असो. जनावर खाली उतरवून टेबलावर उताणं केलं. नर असेल तर गुदद्वारापासून चार-पाच इंच खाली, मागच्या पायांच्या मध्ये, एक काळा ठिपका दिसतो. साधारण रुपयाएवढा. वृषण दाट केसांत दडलेले असतात, त्यामुळे झाडावरच्या लायनच्या बाबतीत हा ठिपकाच काय तो आधार. इथे परवाना मिळवायच्या आधी प्रत्येक शिकाऱ्याला एक परीक्षा द्यावी लागते, तिच्यात हेच विचारतात.

ठिपका नव्हता. मी केस बाजूला केले. मादी.

शिकाऱ्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला तो मादी निघाली म्हणून. कायद्यानं एकटी मादी मारणं गुन्हा नाही. पिल्लं सोबत असलेली मादी मारणं गुन्हा आहे. माझं लक्ष पुढे पोटाकडे होतं. न व्यालेल्या मादीचे सड फिके, लहान आणि केसांत लपलेले असतात. हिचे सड गर्द काळपट होते, लांबट, भोवतीची लव झिजून कातडी उघडी पडलेली. मी प्रत्येक सड अंगठ्यानं दाबून पाहिला. दूध आलं नाही. म्हणजे पिल्लं दूध तुटलेली. पण आई सोडून गेलेली का? प्युमाची पिल्लं दोन-तीन महिन्यांत दूध सोडतात आणि आईबरोबर राहतात वर्ष-दीड वर्ष. मारायचं कसं ते तिच्याकडूनच शिकतात.

कुत्रेवाल्यानं टोपी काढून हातात धरली होती. त्यानं मी सांगायच्या आधीच ते सड पाहिले होते.

"माग केवढा होता?" मी विचारलं.

त्यानं हाताचा अंगठा आणि तर्जनी ताणून दाखवली. "तळव्याची गादी सव्वादोन इंच. मी मोजली."

मी रुंदी मोजायचा कॅलिपर घेतला आणि पुढचा उजवा पंजा हातात धरला. पंजा जड आणि गार. बोटांच्या फटीत बर्फाचे मणी आणि एक जुनिपरची काडी अडकलेली. तळव्याच्या मोठ्या गादीला मागच्या कडेला तीन गोलसर फुगवटे असतात, ते स्वच्छ दिसत होते. रुंदी ४६ मिलिमीटर. नराची गादी बहुधा ५० च्या वर जाते. त्याच्या सव्वादोन इंचांचे होतात ५७.

"कुठल्या उतारावर होता माग?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दक्षिणेच्या."

एवढ्यानं सगळं कळलं. ती आदल्या दुपारी त्या उतारावरून चालत गेली होती. दुपारच्या उन्हानं ठशाच्या कडा वितळल्या, पसरल्या, रात्री त्या तशाच गोठून कडक झाल्या. पहाटे बॅटरीच्या उजेडात त्याला दिसला तो एका मोठ्या नराचा रेखीव, ताजा वाटणारा ठसा. त्यानं कुत्री सोडली. दोन तासांनी ती एका डग्लस फरवर चढली. खाली कुत्र्यांचा गलका, वर फांदीला पोट चिकटवून बसलेली, केस फुलवलेली, शेपूट पायांत घेतलेली मादी. खालून पाहणाऱ्याला अंगाची जाडी तेवढी दिसते.

"उताराच्या वरच्या बाजूला जाऊन दुर्बिणीतून बघायला हवं होतं," तो म्हणाला. "शेपूट हलवेपर्यंत थांबायला हवं होतं. यांना घाई होती, आणि मी थांबवलं नाही."

मी फोन करून वरिष्ठांना सांगितलं आणि दुपारी बाराच्या सुमारास मी आणि तो निघालो. शिकाऱ्याला यायचं नव्हतं. मी आग्रह केला नाही. कुत्री गाडीतच ठेवली.

माग उलटा काढायचा म्हणजे जनावर कुठे गेलं ते शोधायचं नाही, कुठून आलं ते शोधायचं. कुत्री सोडली होती तिथून आम्ही मागे मागे चालू लागलो. दक्षिणेच्या उतारावर ते फसवे ठसे मी स्वतः मोजले, ५५, ५८, एक तर ६१. त्यानं गुडघ्यावर बसून मला दाखवलं की कड कशी गोल झाली आहे, आतला बर्फ काचेसारखा कसा चमकतो. त्याला हे सगळं माहीत होतं. मला शिकवूही शकला असता. पहाटे मोठा माग बघायची इच्छा होती आणि डोळ्यांनी तिला साथ दिली, इतकंच.

मग माग घळ ओलांडून उत्तरेच्या बाजूला, झाडांच्या सावलीत शिरला. तिथला बर्फ भुसभुशीत, पिठासारखा. पहिलाच ठसा इतका स्वच्छ होता की तिन्ही फुगवटे मोजून घ्यावेत. नखांची खूण नाही, चार बोटं, एक बोट किंचित पुढे. कॅलिपर लावला. ४७.

"इथे आधी यायला हवं होतं," एवढंच तो म्हणाला आणि पुढे चालायला लागला.

आणखी दीडेक किलोमीटर गेल्यावर डोमकावळे उठले. पिन्यन पाइनच्या एका जुन्या झाडाखाली काड्या, सुया आणि बर्फ ओढून केलेला ढीग होता. त्यातून म्यूल हरणाचा एक मागचा पाय बाहेर आलेला. लायन शिकार अशीच झाकून ठेवतो आणि परत परत येऊन खातो. तिनं हरीण झाकलं होतं, निम्मं शिल्लक होतं, आणि ती त्या दुपारी फिरायला, कदाचित पुढच्या शिकारीसाठी निघाली होती.

ढिगाभोवती लहान ठसे होते. खूप होते. पळापळीचे, एकमेकांवर उड्या मारल्याचे, एका ओंडक्यावरून घसरल्याची लांब रेघ. मी खाली बसले आणि श्वास रोखून मोजायला लागले, कारण हात थरथरत होता. ३५. ३६. ३५. दुसऱ्या पिल्लाचे ३३. दोन पिल्लं, अंदाजे सहा महिन्यांची. अंगावरचे ठिपके आता कुठे पुसट व्हायला लागले असतील. काही ठसे त्या सकाळचे होते. पहाटे कुत्र्यांचा आवाज घळीपलीकडे ऐकून ती इथेच बसली होती.

कुत्रेवाला झाडाला टेकून उभा होता. त्यानं थर्मासमधली कॉफी झाकणात ओतली आणि प्यायला विसरला. म्हणाला, "माझ्या बापानं मला सांगितलं होतं, सावलीतला ठसा बघ." मी काही उत्तर दिलं नाही. आम्ही तिथून लवकर निघालो. माणसाचा वास जितका कमी राहील तितकं बरं.

वरिष्ठांनी ठरवलं की पिल्लं पकडायची नाहीत. दूध तुटलेलं आहे, निम्मं हरीण आहे, या वयाच्या पिल्लांना थोडी आशा असते. त्याहून लहान असती तर काहीच नसती. झाडाला एक कॅमेरा बांधला.

मी शिकारी नाही आणि होणार नाही. कॅलिफोर्नियात १९९० साली मतदारांनी प्युमाच्या शिकारीवर बंदी आणली. कोलोरॅडोत तसाच प्रस्ताव २०२४ च्या नोव्हेंबरात आला आणि पडला. त्या मतदानाच्या वेळी दोन्ही बाजूंची माणसं मला विचारत राहिली, तू कोणाकडून? मी प्रत्येकाला ही दोन पिल्लं सांगितली. शिकार चालू आहे तोवर झाडाखाली उभं राहणाऱ्यानं अर्धा तास जास्त थांबावं, ठसा सावलीत मोजावा आणि पिल्लांच्या खुणा आधी शोधाव्यात, एवढं मला पोटतिडकीनं वाटतं. ते मी दर हंगामात प्रत्येकाच्या तोंडावर सांगत आले.

त्या दिवशी संध्याकाळी फॉर्म भरला. लिंग: मादी. वजन: ४४ किलो. गादी: ४६. मग दाढ काढून पाकिटात घातली, कातड्याला शिक्का लावला. शिकारी सही करून गेला. कुत्रेवाला मात्र थांबला आणि त्यानं माझा जुना कॅलिपर मागितला. मी दिला.

तिसऱ्या रात्री कॅमेऱ्यात दोन्ही पिल्लं आली, ढिगावर समोरासमोर बसून खाताना. सहाव्या रात्री एक. नंतर हरीण संपलं आणि कोल्हे येऊ लागले.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कुत्रेवाल्याचा फोन आला. तो त्याच घळीत होता, कुत्र्यांशिवाय.

"उत्तरेच्या बाजूला आहे मी. सावलीत. ताजा बर्फ," तो म्हणाला. "३९."

"एकाचेच ठसे?"

"एकाचेच. पण आज सशामागे गेलाय, आणि पकडलाय. केस पडलेत इथे."

मी वही काढली आणि तारीख लिहून पुढे ३९ लिहिलं.