बायको निवडणुकीला उभी आणि मी न्यायालयात लिपिक : माझा अनुभव

ग्रामपंचायत निवडणुकीत आमच्या वॉर्डातली जागा महिलेसाठी राखीव निघाली आणि त्याच रात्री माझे चुलते, तात्या, घरी आले. माझी बायको बचत गटाचं काम बरीच वर्षं करते, घराघरात तिची ऊठबस आहे. तिला उभं राहायचंच होतं. अडचण माझी होती. मी तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात वरिष्ठ लिपिक आहे.

गावात दोन मतं होती. एक, सरकारी नोकराच्या बायकोला निवडणूक लढवताच येत नाही. दुसरं, काही होत नाही, सगळेच करतात. दोन्ही चुकीची. त्या रात्री मी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 काढून त्यातला नियम 5 सावकाश वाचला. इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच नीट वाचला, हे कबूल करतो.

कर्मचाऱ्याने राजकीय पक्षाचं सदस्य व्हायचं नाही, राजकीय चळवळीला वर्गणी किंवा मदत द्यायची नाही. विधिमंडळ असो की स्थानिक संस्था, निवडणुकीत प्रचार करायचा नाही आणि आपलं वजनही वापरायचं नाही. मत देता येतं, पण कुणाला दिलं किंवा देणार, याची जराही चाहूल लागू द्यायची नाही. कायद्याने लागलेली निवडणुकीची ड्युटी अर्थातच यात येत नाही. घरच्यांबद्दल नियम एवढंच म्हणतो की, कायद्याने स्थापन झालेलं सरकार उलथवण्याकडे झुकणाऱ्या कामात ते पडत असतील तर त्यांना रोखायचा प्रयत्न करा, जमलं नाही तर सरकारला कळवा. ग्रामपंचायतीची निवडणूक लढवणं त्यात कुठून येणार? म्हणजे ती मोकळी होती, बांधलेला मी होतो.

तात्यांचा मुद्दा वेगळा होता. "अरे, ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्हच नसतं, नुसतं पॅनेल. हे कसलं राजकारण?" मी त्यांना तेच वाक्य पुन्हा वाचून दाखवलं. स्थानिक संस्थेची निवडणूक म्हटलंय, मग पक्ष असो वा नसो.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज लिहिला आणि आमच्या सहायक अधीक्षक मॅडमना दाखवला. विषयात मी "परवानगी मिळणेबाबत" असं लिहिलं होतं. त्यांनी त्यावर रेघ ओढली. "परवानगी कशाची मागताय भाऊसाहेब? उभ्या त्या राहतायत. तुम्ही फक्त कळवा, आणि तुम्ही काय काय करणार नाही ते स्पष्ट लिहा." या एका दुरुस्तीसाठी मी मॅडमचा आयुष्यभर ऋणी आहे. आमची नेमणूक प्रमुख जिल्हा न्यायाधीश करतात, म्हणून अर्ज त्यांच्या नावे, आमच्या न्यायाधीश साहेबांमार्फत गेला. प्रचारात, सभेत, मतदान केंद्रावर किंवा मतमोजणीला प्रतिनिधी म्हणून मी असणार नाही, असं त्यात लिहिलं. स्थळप्रतीवर, म्हणजे अर्जाच्या माझ्याकडे राहणाऱ्या प्रतीवर, आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. कुणालाही असा प्रसंग आला तर ही स्थळप्रत जपून ठेवा. पुढे कुणी तक्रार केलीच, तर तुम्ही आधी कळवलं होतं याचा कागद तोच.

खरी ओढाताण नंतर घरात झाली. तिला चिन्ह मिळालं कपबशी. कार्यकर्त्यांनी पहिलं स्टिकर आमच्याच दारावर लावलं. संध्याकाळी मी परतलो आणि ते पाहून गार झालो, कारण नियम 5 च्या स्पष्टीकरणात नेमकं हेच आहे. कर्मचाऱ्याच्या अंगावर, वाहनावर किंवा निवासस्थानावर निवडणूक चिन्ह दिसलं, तर ते वजन वापरणंच ठरतं. मी स्टिकर खरवडायला लागलो तेव्हा ती आतून आली.

"अहो, घर माझंही आहे ना?"

मला उत्तर देता येईना. तिचं म्हणणं खरं होतं. गावभर दारोदार तिचं चिन्ह आणि स्वतःच्या दारावर मात्र नाही, हे तिला लागलं होतं. तासभर आम्ही ओट्यावर बसून राहिलो. शेवटी पाणी लावून उरलेला कागद तिनेच काढला. या निवडणुकीत तिने माझ्यासाठी सोडलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट.

बाकी खबरदारी सोपी होती. बॅनरवर "शुभेच्छुक" म्हणून आलेलं माझं नाव काढायला लावलं. पॅनेलच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडलो. मोटारसायकल कुणाला दिली नाही. खर्च तिने स्वतःच्या बचतीतून केला. नवरा-बायकोच्या पैशाचा प्रश्न मी माझ्या समाधानासाठी असा मिटवला.

एवढी काळजी कशाला, असं मित्र विचारायचे. त्यांना मी एका दुपारची गोष्ट सांगतो. समोरच्या पॅनेलमधल्या एका गृहस्थांचा बांधाचा दावा आमच्याच न्यायालयात आहे. ते नकलेचा अर्ज घेऊन आले, मला पाहिलं आणि अर्ज हातातच धरून उभे राहिले. "आता आमची नक्कल कधी मिळायची, भाऊसाहेब?" एवढंच म्हणाले. आवाजात राग नव्हता, भीती होती. गावातल्या माणसाने न्यायालयाच्या टेबलाशी असं उभं राहावं, याने मला फार वाईट वाटलं. दारावर कपबशी असती तर मी काय तोंडाने त्यांना समजावलं असतं? मी त्यांचा अर्ज घेतला, नोंदवला आणि मॅडमना सांगून निवडणुकीच्या निकालापर्यंत त्यांची फाईल दुसऱ्या लिपिकाकडे दिली. नक्कल त्यांना वेळेत मिळाली.

लोकसभा-विधानसभेला तर आणखी जपायला हवं. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 134-अ प्रमाणे सरकारी नोकर उमेदवाराचा निवडणूक, मतदान किंवा मतमोजणी प्रतिनिधी झाला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तिथे विषय खातेनिहाय चौकशीपुरता राहत नाही.

मतमोजणीच्या दिवशी मी रजा घेतली नाही. सुट्टीच्या वेळात फोन लावला, ती निवडून आली होती. जिन्यात उभं राहून थोडा वेळ बोललो आणि पुन्हा टेबलावर आलो. आता लोक मला रस्त्यात थांबवून गटाराचं, पाण्याचं सांगतात. मी त्यांना तिचा नंबर देतो. तात्या परवा जिल्हा परिषदेचा विषय काढत होते. तिचं ती ठरवेल, माझ्याकडे जुन्या अर्जाची स्थळप्रत नमुना म्हणून तयार आहे.