वेलांटी आधी, अक्षर नंतर

अमळनेरला मी टायपिंगचा क्लास चालवतो. मराठी तीसच्या, म्हणजे मिनिटाला तीस शब्दांच्या परीक्षेच्या पोरांना रेमिंग्टन कळफलकावर एक गोष्ट फार छळते. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारायची. 'किती' टाइप करताना मनात आधी क येतो आणि बोटही तिकडेच धावतं.

गेल्या हंगामात संध्याकाळच्या बॅचला एक ताई यायच्या, दिवसभर कापूस वेचून. त्या दिवशी 'शिक्षण', 'विकास', 'निधी' सगळं उलटं पडत होतं. त्या बॅकस्पेस मारून मारून रडकुंडीला आल्या, तेवढ्यात लाइट गेली. म्हटलं, जा घरी. घरी कॉम्प्युटर नाहीच.

दुसऱ्या दिवशी वेचणीला खाडा होता म्हणून सकाळीच आल्या. तोच उतारा दिला. मी मागे उभा. पहिली ओळ एकही चूक न होता गेली, बोट वेलांटीवर आपसूक आधी पडत होतं.

"रात्री कुठं प्रॅक्टिस केली का ताई?"

"नही सर, घर जाईसन जपी गऊ." म्हणजे घरी जाऊन सरळ झोपल्या होत्या.

थकवा उतरला, बोटं मोकळी झाली, असं कुणीही म्हणेल. मीही तेच म्हटलं असतं. पण झोपेचे अभ्यासक मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी 2002 साली हेच तपासलं होतं. ठरावीक क्रमानं कळा दाबायला शिकलेली माणसं सकाळपासून 12 तास जागी राहिली, तर वेग फारसा हलला नाही. रात्रभर झोपून उठल्यावर मात्र, मधे सराव नसताना, तो सुमारे 20 टक्क्यांनी वाढला. या वाढीचा संबंध विशेषतः पहाटेकडच्या झोपेशी दिसला.

पाठांतराचं तंत्र निराळं. प्लिहाल आणि बॉर्न यांच्या 1997 च्या प्रयोगात शब्दांच्या जोड्या रात्रीच्या पूर्वार्धातल्या गाढ झोपेनंतर जास्त आठवल्या. आरशात बघून आकृती गिरवण्याचं कसब उत्तरार्धातल्या झोपेनंतर सुधारलं. ही वाटणी इतकी सरळ नाही, हे पुढे दिसून आलं. तरी आमच्या परीक्षेत ऑब्जेक्टिव्ह प्रश्नही असतात आणि स्पीडचा उताराही. पोरं बाराला झोपून चारचा गजर लावतात आणि प्रश्न घोकतात. म्हणजे बोटांच्याच वाट्याची झोप कापतात! आता मी आदल्या रात्री जागायला सरळ मनाई करतो. पालकांना ते पटत नाही, सर आळशी आहेत असं वाटतं.

ताईंचा वेग त्या सकाळी काही तीसवर गेला नव्हता. पुढे रफार शिकवायला घेतला. तो मात्र अक्षरानंतर मारायचा म्हटल्यावर त्या माझ्यावरच उखडल्या.