मैदान कुणाच्या नावावर?

आमच्या ऑफिसात चिंचवड-निगडीची इतकी माणसं आहेत की कँटीनमध्ये मराठीतून कुणाबद्दल वाईट बोलायची सोय राहिलेली नाही. 2008 मध्ये टाटांनी जग्वार लँड रोव्हर घेतली, तेव्हापासून पुण्याहून इंग्लंडात गेडनला, म्हणजे कंपनीच्या इंजिनिअरिंग केंद्रात, येणाऱ्यांची रांग काही थांबत नाही. त्यातले बरेच जण माझ्यासारखे लेमिंग्टन स्पामध्ये भाड्याने राहतात. गाव देखणं आहे, पांढऱ्या इमारती, बागा, महाग कॉफी. या गावात कधी कारखाना होता असं सांगितलं तर पाहुण्यांना खरं वाटत नाही.

पण होता, आणि चांगला मोठा होता. ऑटोमोटिव्ह प्रॉडक्ट्स, म्हणजे एपी. लॉकहीडचे हायड्रॉलिक ब्रेक आणि बोर्ग अँड बेकचे क्लच इथे बनत. माझं अख्खं करिअर ब्रेकमध्ये गेलंय, त्यामुळे ही नावं मला देवघरातल्या टाकांइतकी ओळखीची. तरी या कारखान्याच्या कामगारांनी 1933 मध्ये फुटबॉलचा संघ उभा केला आणि तो क्लब आजही खेळतोय, हे मला टीममधल्या एका निवृत्तीला आलेल्या सहकाऱ्याने सांगितलं. क्लबचं टोपणनाव ‘ब्रेक्स’. शनिवारी दुपारी तीन वाजता पाच-सातशे माणसं गंभीर चेहऱ्याने ‘कम ऑन यू ब्रेक्स’ ओरडतात, तेव्हा आपल्या डिपार्टमेंटचंच कौतुक चाललंय असं मला वाटतं.

हा नॉन-लीग फुटबॉल, म्हणजे वरच्या चार पायऱ्यांवरच्या 92 क्लबांच्या खालचा सगळा पसारा. इथे बिअरचा ग्लास हातात घेऊन कठड्याला टेकून मॅच बघता येते. हाफटाइमला निम्मे प्रेक्षक चालत मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जातात, कारण आता आपला संघ तिकडच्या गोलवर हल्ला करणार असतो. खेळ? खरं सांगायचं तर बराचसा चेंडू हवेतच असतो.

शहराचा जुना क्लब महायुद्धाआधीच बंद पडला होता, म्हणून युद्धानंतर कारखान्याचा संघच गावाचा संघ झाला आणि लॉकहीड लेमिंग्टन या नावाने खेळू लागला. मैदानही कंपनीचं, विंडमिल ग्राउंड. 1973 मध्ये नाव बदलून एपी लेमिंग्टन झालं. 1979 मध्ये अलायन्स प्रीमियर लीग, म्हणजे नॉन-लीगची तेव्हाची सगळ्यात वरची पायरी, सुरू झाली तेव्हा पहिल्या क्लबांत हा होता. मग एक पायरी खाली येऊन 1983 मध्ये सदर्न लीग जिंकली, पण वर प्रवेश मिळाला तो दुसऱ्या नंबरच्या किडरमिन्स्टरला. पुढे 1985 मध्ये क्लबच्या नावातून एपी गेलं. कंपनीने मैदान घरं बांधणाऱ्या बिल्डरला विकलं, 1988 मध्ये शेवटची मॅच झाली आणि क्लब थांबला.

इथपर्यंतची गोष्ट आपल्याकडची कुणीही सांगेल. बाबांच्या कंपनीची कबड्डीची टीम होती. व्हीआरएस आली, टीम गेली, मैदानावर टॉवर उभे राहिले, आणि त्यातल्याच एका टॉवरमध्ये आमच्या मावशीने टू बीएचके घेतला. आम्ही सगळे आनंदाने वास्तुशांतीला जेवून आलो. मोठ्या नावांचंही तेच. महिंद्रा युनायटेडने 2006 मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि 2010 मध्ये संघ बंद झाला. आपण चार दिवस हळहळलो.

इथल्या लोकांनी मात्र क्लब मोडीत काढला नाही. संघ नाही, मैदान नाही, शनिवारी जायला जागा नाही, आणि तरी काही चाहत्यांनी क्लब कागदावर जिवंत ठेवला. एक-दोन नाही, बारा वर्षं! मला हे पचायलाच वेळ लागला. क्लबच्या बैठकांना ही माणसं काय बोलत असतील? अहवाल कशाचा वाचत असतील? ‘यंदा आपण एकही सामना हरलो नाही, टाळ्या’? पण याच मंडळींनी गावाबाहेर हार्बरी लेनवर शेतजमीन मिळवली, तिथे मैदान केलं आणि त्याला न्यू विंडमिल ग्राउंड असं नाव दिलं. 2000 साली मिडलंड कॉम्बिनेशनच्या डिव्हिजन टूमधून, म्हणजे जवळजवळ तळातून, पुन्हा सुरुवात. पाच वर्षांत हे लोक एफए कपच्या, म्हणजे लहानमोठे क्लब एकत्र खेळतात त्या बाद स्पर्धेच्या, पहिल्या फेरीत पोचले. समोर सहा पायऱ्या वरचा कोलचेस्टर युनायटेड. 9-1 ने हरले. तो एक गोल माझ्या सहकाऱ्याने मला इतक्यांदा सांगितलाय की बाकीचे नऊ कोणी केले हे विचारायची हिंमत झालेली नाही. 2013 मध्ये सदर्न लीग जिंकून ते सहाव्या पायरीवर पोचले.

आता तुम्ही म्हणाल, आला हा तिकडचे गोडवे गायला. थांबा. चिकाटी काय यांनीच शोधली नाही. आमच्या आळीतलं गणपती मंडळ जागेवरून दोनदा उठलं, एकदा रस्तारुंदीत आणि एकदा कोर्टकज्जात, तरी एकाही वर्षी मूर्ती बसायची राहिली नाही. वर्गणीसाठी दारात उभी राहणारी पोरं मी कितीदा टाळली असतील, पण मंडळ टिकलं ते त्यांच्यामुळेच. शिवाय इथल्या कामगाराला शनिवारची दुपार मोकळी मिळत होती. बाबा तीन पाळ्यांत राबून, वर ओव्हरटाइम करून घरी येत. त्यांनी क्लबचे कागद कधी सांभाळायचे? आणि मी? मी तर देशच सोडला. इथे महिन्यातून एखाद्या शनिवारी तिकीट काढून वाऱ्यात कुडकुडतो, तेवढं पुरे की. आपल्या गावच्या टीमला मी दहा रुपयेही दिले नसते, पण त्यांनी मागितलेही नाहीत ना!

रविवारच्या फोनवर हे सगळं बाबांना सांगितलं. बारा वर्षांचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. त्यांनी शांतपणे एवढंच विचारलं, “आधीचं मैदान कंपनीच्या नावावर होतं ना?”

“हो बाबा.”

“मग जाणारच होतं. हे नवीन तरी कुणाच्या नावावर आहे? सातबारा बघितलास का?”

इंग्लंडात सातबारा नसतो, असं मी हसत म्हणालो, पण प्रश्न डोक्यात बसला. पुढच्या मॅचला सहकाऱ्याला विचारलं, तर कळलं की गेली काही वर्षं युरोपा वे या रस्त्याजवळ नवीन स्टेडियमची चर्चा चालू आहे. योजना अशी की जागा कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, बांधणार कौन्सिल, आणि आताचं मैदानही जाणार कौन्सिलकडेच. गावाजवळ येईल, बसने जाता येईल, छपराखाली जास्त माणसं मावतील, असे सगळे फायदे त्याने उत्साहाने मोजून दाखवले. पटण्यासारखेच होते. हार्बरी लेनवर जानेवारीत उभं राहून बघा, तुम्हालाही पटतील.

बाबांना हे कळवलं तेव्हा ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “त्यांना सांग, भाडेकरार वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका म्हणावं.”

मी सहकाऱ्याला तसं सांगितलंय. त्याने ते क्लबच्या कमिटीतल्या एकाला सांगितलं म्हणे, आणि त्या माणसाने विचारलं की हे तुझे चिंचवडचे गृहस्थ इकडे कधी येणार आहेत. व्हिसाचे कागद मी या आठवड्यात भरायला घेतो.