तुम्ही विचारलंत म्हणून : मिथेन खाणारे जीव टाकीत का नाही वाढवत?

मी काय काम करते हे कळलं, की समोरचा माणूस क्षणभर विचारात पडतो आणि मग ठरलेला प्रश्न येतो. ‘समुद्रतळाच्या गाळातले हे जीव मिथेन खातात म्हणता. मिथेनमुळे पृथ्वी तापते म्हणता. मग मोठमोठ्या टाक्यांत वाढवा की त्यांना! अडलंय कुठे?’ पूर्वी मी ‘इतकं सोपं नाही हो’ म्हणून वेळ मारून न्यायची. तुम्ही पुन्हा विचारलंत, म्हणून या वेळी नीट सांगते.

आधी एक बाटली बघा. तळहातात मावेल एवढी काचेची, तोंडाला जाड रबरी बूच, बुचावर ॲल्युमिनियमची पट्टी दाबून बसवलेली. आत काळाकुट्ट गाळ, त्यावर खारं पाणी आणि उरलेल्या जागेत मिथेन. ऑक्सिजनचा शिरकाव नको म्हणून हे सगळं नायट्रोजनने भरलेल्या बंद पेटीत करायचं, पेटीलाच जोडलेल्या रबरी हातमोज्यांत हात घालून. (नाकाला खाज नेमकी तेव्हाच सुटते.) मग बाटली ४ अंश सेल्सिअसवर, अंधारात. महिन्यातून एकदा सुईने थोडंसं पाणी काढायचं, त्यात रसायन घालायचं आणि ते किती निळं होतं ते बघायचं. निळा रंग म्हणजे आत सल्फाइड तयार झालंय, म्हणजे कुणीतरी जेवतंय. पहिल्या महिन्यात काही दिसत नाही. दुसऱ्या महिन्यात दिसल्याचा भास होतो. खात्रीने बोलायला चौथा-पाचवा महिना उजाडतो.

मिथेन खाण्यात सल्फाइडचा काय संबंध, तर तिथेच सगळी मेख आहे. ऑक्सिजन असेल तिथे मिथेन खाणारे जिवाणू निराळे. त्यांचं काम तुलनेने सरळ असतं. समुद्रतळाच्या गाळात मात्र थोडं खाली गेलं की ऑक्सिजन संपतो. उरतं ते समुद्राच्या पाण्यातून झिरपलेलं सल्फेट, म्हणजे गंधक आणि ऑक्सिजन जोडून झालेला क्षार. ते वापरलं गेलं, की त्याचं सल्फाइड होतं.

१९७०च्या दशकात भूरसायनतज्ज्ञ तळात नळ्या खुपसून गाळाचे उभे नमुने वर आणत आणि थराथरातल्या पाण्याची मोजदाद करत. वरून खाली जाताना सल्फेट घटत जातं, खालून वर येताना मिथेन घटत जातं, आणि दोन्ही एकाच पट्ट्यात संपतात. हा पट्टा कुठे तळाखाली काही सेंटिमीटरवर, तर कुठे कित्येक मीटर खोल. विल्यम रीबर्ग यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी १९७६च्या सुमारास सांगितलं, की इथे मिथेन आणि सल्फेट एकमेकांवर खर्ची पडताहेत. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांना ते पटेना. हिशेब जुळतोय, पण हे करणारा जीव कुठाय? ऑक्सिजनविना मिथेन खाणारा कुणी प्रयोगशाळेत वाढवूनच दाखवला नव्हता. मला या भांडणात दोन्ही बाजू तितक्याच प्रामाणिक वाटतात. आलेखावर खुनाचा पुरावा होता, पण खुनी सापडत नव्हता.

तो सापडायला वीसेक वर्षं लागली. कॅलिफोर्नियाजवळच्या ईल नदीखोऱ्याच्या समुद्रतळातून १९९९मध्ये आर्कियांचे स्निग्ध पदार्थ मिळाले. आर्किया म्हणजे दिसायला जिवाणूंसारखे, पण वंशाने पार वेगळे सूक्ष्मजीव. त्या स्निग्ध पदार्थांत कार्बन-१३, म्हणजे कार्बनचा जरासा जड प्रकार, इतका कमी होता, की तो कार्बन मिथेनमधूनच आलेला असणार; मिथेनमध्ये हा प्रकार मुळातच कमी असतो. पुढच्याच वर्षी सागरी जीवशास्त्रज्ञ आंत्ये बोएटियस आणि सहकाऱ्यांनी ओरेगॉनजवळच्या हायड्रेट रिज या समुद्रतळावरच्या उंचवट्यावरच्या गाळात या जिवांचे गोळेच दाखवले. चकाकणारे रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर मध्ये शंभरेक आर्कियांचा लाल पुंजका आणि त्याला चहूबाजूंनी वेढून बसलेले सल्फेटवर जगणारे हिरवे जिवाणू. मी पहिल्यांदा असा गोळा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, तेव्हा बराच वेळ डोळा भिंगापासून हलवला नव्हता.

तर खाणारा एक नाही, दोघे आहेत. आर्किया मिथेनचे इलेक्ट्रॉन काढून घेतात आणि शेजारचे जिवाणू ते घेऊन सल्फेटचं सल्फाइड करतात. देवघेव होते कशी, यावर बरीच वर्षं डोकेफोड झाली. मध्ये हायड्रोजनची ने-आण होत असावी, अशी पहिली अटकळ होती. ती टिकली नाही. २०१५मध्ये दोन गटांनी दाखवलं, की इलेक्ट्रॉन बहुधा थेट एका पेशीतून दुसरीत जातात, लोहयुक्त प्रथिनांच्या मार्गाने. जवळपास तार जोडल्यासारखंच. म्हणजे तुम्हाला टाकीत एक जीव वाढवायचा नाहीये, एक अख्खा संसार वाढवायचाय. समुद्रातल्या या आर्कियांना जोडीदाराशिवाय एकट्याने वाढवणं अजून साधलेलं नाही.

त्यात कमाई ती किती! १६ ग्रॅम मिथेन ऑक्सिजनबरोबर जाळलं तर ८००हून अधिक किलोज्यूल ऊर्जा मिळते. तेवढ्याच मिथेनवर सल्फेटच्या जोरावर मिळतात २० ते ४०. तीही दोघांत वाटून घ्यायची. वर मिथेन हा फोडायला महाकठीण रेणू. मिथेन तयार करणारे यांचे भाऊबंद ज्या निकेलयुक्त एन्झाइमने शेवटची पायरी चढतात, तेच एन्झाइम उलटं चालवून हे पहिली पायरी उतरतात. एवढं करून खाल्लेल्या कार्बनपैकी अंगी लागतो तो शंभरात जेमतेम एक. आतड्यातला ई. कोलाय सोयीच्या परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. यांना त्यासाठी दोन ते सात महिने लागतात.

आता टाकीकडे या. हवेत मिथेन किती, तर दहा लाख रेणूंत दोनहूनही कमी. हे जीव राहतात तिथे खोल पाण्याच्या दाबाखाली मिथेन ठासून विरघळलेलं असतं. हवेतलं मिथेन टाकीत सोडलंत, तर त्यासोबत येणारा ऑक्सिजन आधी त्यांचा जीव घेईल, आणि तो काढून टाकलात तरी उरलेल्या मिथेनवर त्यांचं पोट भरायचं नाही. शिवाय त्यांच्या जेवणातून निघतं सल्फाइड. सडक्या अंड्यांचा वास तो हाच, आणि जास्त झाला तर विषारी. मोठी टाकी भरून ते करायचं आणि मग त्याची विल्हेवाट लावायची, हा उद्योग मला तरी आतबट्ट्याचा वाटतो.

समुद्रतळात मात्र त्याच सल्फाइडवर पुढचे जिवाणू जगतात, त्या जिवाणूंच्या आधाराने शिंपले आणि नळीकृमी जगतात. खाल्लेल्या मिथेनमधल्या कार्बनचा काही भाग चुनखडी होऊन बसतो. काळ्या समुद्रात सुमारे २३० मीटर खोलीवर, ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात, अशा चुनखडीचे चार मीटरपर्यंत उंच खांब उभे आहेत. अंगावर या जिवांचा जाडजूड थर आहे, आणि फटींतून मिथेनचे बुडबुडे सुटत असतात. समुद्रतळाच्या गाळात तयार होणाऱ्या मिथेनपैकी ९० टक्क्यांपर्यंत असं गाळातच संपतं, असा अंदाज आहे. वाढ इतकी सावकाश असूनही हे जमतं, कारण गाळ अफाट आहे आणि घाई कुणालाच नाही.

घाई झाली की मात्र गणित बिघडतं. मिथेन बुडबुड्यांनी सुटलं तर ते यांच्या हाती लागत नाही. चिखलाच्या ज्वालामुखीसारख्या ठिकाणी खालून पाणी जोरात वर येतं आणि सल्फेटला गाळात उतरूच देत नाही. त्यामुळे ‘समुद्रतळाखाली बर्फासारखं गोठलेलं मिथेन वितळलं तर हे जीव वाचवतील ना?’ या तुमच्या पुढच्या प्रश्नालाही माझं उत्तर एका शब्दात येत नाही. हळूहळू वितळलं तर बरंचसं अडवतील. भसकन आलं तर नाही.

राहिली माझी बाटली. पाण्यात एक सूचक रंगद्रव्य घातलेलं असतं. ऑक्सिजन नसेल तर ते रंगहीन, शिरला की गुलाबी. आठ महिने जपलेली बाटली एका सुट्टीनंतर उघड्या डोळ्यांना गुलाबी दिसली. बूच जुनं होतं, सुया टोचून टोचून सैल झालेलं. चूक माझीच, बदलायला हवं होतं. फेकून द्यावी असं एकदा वाटलं. मग नवं बूच लावलं, पाण्यात ऑक्सिजन टिपून घेणारं चिमूटभर रसायन घातलं, गुलाबी रंग गेला, मिथेन भरून बाटली परत अंधारात ठेवली. अकरा महिन्यांनी काढलेला थेंब निळा झाला. फिकाच, पण भास नव्हता. यंत्रावर दोनदा मोजून घेतला.