उगाच कशाला?

आज केमो झाली. संध्याकाळभर पडून होते, आता झोप उडालीये, म्हणून लिहायला बसले.

सुई टोचण्याआधी नर्सने नेहमीसारखं विचारलं, "पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगा." शेजारच्या खुर्चीतल्या काकू वैतागल्या, "अहो, आता तरी ओळखता ना मला!" मला मात्र या प्रश्नाने धीर येतो. उलटी थांबवायच्या औषधाची गुंगी असताना "तुम्ही अमुकच ना?" असं कुणी विचारलं, तर माणूस कशालाही मान डोलावतो. नाव आपल्या तोंडून वदवून घेतात ते त्यासाठीच.

काकूंना लाल औषध होतं, डॉक्सोरुबिसिन. थोड्या वेळाने त्या हळूच मला म्हणाल्या, "हात चुरचुरतोय गं. पण त्या किती गडबडीत आहेत, उगाच कशाला?" मी बेल दाबली. नर्सने आधी ड्रिप बंद केली, मग बोटांनी शिरेभोवतीची कातडी दाबून पाहिली. हे औषध शिरेबाहेर झिरपलं तर आतलं मांस जळतं, जखम महिनोन् महिने भरत नाही. आज तसं झालं नव्हतं. तरी ती काकूंना म्हणाली, "बरं झालं कळवलंत. तुम्हाला जाणवतं ते आम्हाला बाहेरून दिसत नाही." काकूंचा चेहराच बदलला. नंतर त्यांनी आपणहून दोन शंका विचारल्या!

हे "उगाच कशाला" आमच्यापैकी बहुतेकांच्या तोंडी असतं. ज्यांच्या हातात जीव दिलाय त्यांना दुखवायची भीती वाटते. कटकट्या पेशंट म्हणून शिक्का बसला तर?

बेट्सी लेहमनची हकीकत मनातून जात नाही. बोस्टनमधली आरोग्यविषयक लिहिणारी पत्रकार, स्तनाच्या कॅन्सरवर उपचार घेत होती. १९९४ मध्ये चार दिवसांत मिळून द्यायचा डोस तिला रोज दिला गेला, चारही दिवस. त्यात ती गेली. चूक उघडकीला आली ती पुढच्या वर्षी, नोंदी तपासताना. त्यानंतर त्या हॉस्पिटलने बरंच बदललं, पेशंट आणि नातेवाइकांनाही सल्लागार मंडळात घेतलं.

म्हणूनच "रुग्णांनो, जागरूक राहा" असा बोर्ड लावून कुणी मोकळं होऊ नये असं मला फार वाटतं. जो धड बसू शकत नाही त्याने स्वतःवर पहारा काय ठेवायचा? आधी त्यांनी विचारावं, थांबून ऐकावं. मग आम्ही बोलतो. आजच्या नर्सला त्यासाठी अर्धं मिनिटही लागलं नसेल.

पुढच्या वेळी वजन पुन्हा करायला सांगणार आहे. डोस उंची-वजनावरून ठरतो आणि माझे कपडे सैल झालेत. शिवाय, ताप ३८ अंशांवर गेला तर लगेच कळवा असं कागदावर लिहून दिलंय, पण खालचा नंबर ओपीडीचा आहे. तो रात्री कुणी उचलत नाही. सकाळीच फोन करून रात्रीचा नंबर मागून घेते, काकूंसाठीही.