तुम्ही विचारलंत म्हणून: देव नाही, मग धाक कोणाचा?

मी देव मानत नाही हे कळले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग तुम्हाला वाईट वागण्यापासून अडवते कोण? सोबतीला बहुधा ते सुभाषितही येते, की आहार, निद्रा, भय आणि मैथुन माणसाला व पशूला सारखेच, धर्म तेवढा माणसाचा अधिक, आणि तो नसेल तर माणूस पशूच. ऐन विशीत मी यावर फटकन सांगत असे की, चोरी न करण्यासाठी ज्यांना वरून पहारा लागतो त्यांचीच मला भीती वाटते. टाळ्या मिळत, पण ते बोलणे अन्यायाचे होते. माझी आई काही पहाऱ्याच्या भीतीने शेजारणीची बाळंतपणे काढत नव्हती.

पुढे मी पशूंचीच बाजू घेऊ लागलो. सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स द वाल यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, एकाच कामासाठी शेजारच्या माकडाला द्राक्ष आणि आपल्याला काकडी मिळते हे पाहून कॅपुचिन माकडे ती काकडी नाकारू लागली, काही वेळा तर फेकूनच देऊ लागली. निदान स्वतःवरचा अन्याय कळायला धर्मग्रंथ लागत नाही, असे मी म्हणे. पण ज्यांना आपण मारुतीचे रूप मानून केळी देतो, त्या वानरांचे निरीक्षण यूकिमारू सुगियामा यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला धारवाडजवळ केले, तेव्हा टोळीचा ताबा घेणारा नवा नर आधीच्या नराची दुधपिती पिल्ले मारताना आढळला. मी द्राक्षाची गोष्ट सांगतो तेव्हा ही पिल्ले गाळतो, हे तुम्ही माझ्या आधीच ओळखले असेल.

मात्र माझी खरी अडचण माकडांशी नाही. मला डेंग्यू झाला आणि प्लेटलेट वीस हजारांच्या खाली गेल्या, तेव्हा आईने साताऱ्याकडच्या आमच्या गावच्या म्हसोबाला बोकड बोलला. मी बरा झालो तो सलाइनने आणि डॉक्टरांच्या देखरेखीने, हे तिला समजावण्याचा मी खूप प्रयत्न केला. ती एवढेच म्हणाली, "तुझा देव नसंल, माझा हाय. तू नुसता हुबा ऱ्हा." चुलतभावाचा सवाल त्याहून अवघड होता: "दर रविवारी मटण आणतोस, ते काय झाडाला लागतं?" खाण्यासाठी मारणे आणि देवासाठी मारणे यांत फरक आहे, असे मी म्हणालो. आजही तसेच म्हणतो, फक्त तो फरक बोकडाच्या बाजूने कसा मांडायचा हे मला अद्याप सुचलेले नाही.

शेवटी दोरी माझ्याच हातात दिली गेली. बोकडाच्या पाठीवर पाणी शिंपडले, कुंकू लावले, आणि तो अंग झटकण्याची सगळे वाट पाहू लागले, कारण त्याने अंग झटकले म्हणजे देवाने मान स्वीकारला. पाणी पडले की शेळी, कुत्रा, मांजर सगळेच अंग झटकतात. कातडीच्या त्या सवयीला तिथे होकार समजत होते. बोकड बराच वेळ नुसता माझ्या चपलेचा वास घेत राहिला. आईचा चेहरा उतरू लागला, तसतसा तो लवकर झटकावा असे मला वाटू लागले, आणि झटकला तेव्हा सुटल्यासारखे झाले. सुरी गावच्या मुलाण्याने चालवली. हिंदूंचा देव आणि मुलाण्याची सुरी, यात कुणाला काही वावगे वाटले नाही, हे जाता जाता नोंदवतो. आई रडत होती. पंगतीत मी जेवलोही.

तुमच्या प्रश्नाला माझे नेहमीचे उत्तर असे की, नीती आपल्या जनावरपणातूनच येते: पिल्लू सांभाळणे, आपल्या माणसाचे दुःख न पाहवणे, यांतून. पण त्या दिवशी दोरी धरायला लावली ती नेमकी त्याच मायेने. तिने आईला जपले आणि बोकडाला वाऱ्यावर सोडले. मग ही माया कुणाकुणाला पुरते हे ठरवणारे दुसरे काही माझ्यात असायला हवे. त्याला मी विवेक म्हणतो, आणि तो त्या माळावर हजर असूनही गप्प होता. एवढे मान्य केल्यावर तुम्ही विजयी मुद्रेने म्हणाल की, बघा, म्हणूनच देव लागतो. तर मग तुम्हीही एकदा सांगा, की त्या माळावरच्या प्रत्येक श्रद्धावंताला तुमचा देव काय सांगत होता. कारण मला ऐकू आले ते एवढेच, की दोरी नीट धर, हिसका देईल.