गाडी थांबली, मग पुन्हा का हलली?

विनाचालक गाड्यांवरचा वाद 'माणसापेक्षा बरी चालवते की वाईट' इथेच घोटाळत राहतो. परवाना द्यायचा असेल तर त्याहून अवघड प्रश्न असतो: गडबड झाल्यावर पुढच्या दहा सेकंदांत गाडी काय करते?

सॅन फ्रान्सिस्को, २ ऑक्टोबर २०२३, रात्र. रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला माणूस चालवत असलेल्या गाडीने उडवलं. ती शेजारच्या लेनमध्ये, जनरल मोटर्सच्या क्रूझ या कंपनीच्या विनाचालक टॅक्सीसमोर फेकली गेली. टॅक्सीने ब्रेक मारला, तरी धडक बसली, महिला खाली सापडली आणि गाडी थांबली. इथपर्यंत चालकाने काय वेगळं केलं असतं यावर वाद घालता येईल. पुढच्या भागावर नाही.

गाडी पुन्हा हलली आणि त्या महिलेला सुमारे २० फूट फरफटत घेऊन गेली. वेग ताशी ७ मैलांच्या आसपास होता. टक्कर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने ही धडक बाजूने बसली असं धरलं होतं. बाजूने धडक बसली तर वाहतूक अडू नये म्हणून गाडी कडेला घ्यायची, असं तिला शिकवलेलं. शिकवलं तसंच ती वागली. डाव्या बाजूच्या कॅमेऱ्यात महिलेचे पाय दिसत होते, पण 'खाली माणूस आहे' हा निष्कर्ष काही निघाला नाही. चाकांच्या वेगात तफावत आढळली तेव्हा ती थांबली, तीही गाडीत बिघाड झाला असं समजून. गाडीखाली धक्का जाणवल्यावर कुठलाही चालक आधी उतरून वाकून बघतो. ते वाकून बघणं इथे कुणाच्याच वाट्याला नव्हतं.

या क्षेत्रात 'किमान धोक्याची स्थिती' असा शब्द आहे, म्हणजे धोका कमीत कमी राहील अशा रीतीने थांबणं. चौथ्या पातळीच्या गाडीने, म्हणजे ठरलेल्या हद्दीत माणसाच्या मदतीशिवाय चालणाऱ्या गाडीने, अडचण आली की स्वतःहून त्या स्थितीत यायचं असतं. कागदावर सोपं वाटतं. प्रत्यक्षात लेनमध्येच थांबलं तर मागून येणारा बंब अडकतो (२०२३ मध्ये शहराच्या अग्निशमन दलाची हीच तक्रार होती), आणि कडेला घेतलं तर कधीतरी वरच्यासारखं होतं. नुसतं 'सुरक्षित थांबावे' लिहून भागत नाही. धडकेनंतर आजूबाजूला आणि खाली काय आहे याची खात्री होईपर्यंत हलायचंच नाही, ही अट वेगळी लिहावी लागते. क्रूझने नोव्हेंबरमध्ये ९५० गाड्या परत बोलावल्याची नोंद केली, ती टक्कर ओळखणाऱ्या याच भागासाठी.

आता परवाने. कॅलिफोर्नियात मोटार वाहन विभाग, डीएमव्ही, तीन टप्प्यांत परवानगी देतो: चालक बसवून चाचणी, चालकाविना चाचणी, मग प्रत्यक्ष वापर. ५० लाख डॉलरचा विमा किंवा हमी लागते. चाचणीतल्या प्रत्येक टकरीचा अहवाल १० दिवसांत द्यावा लागतो. प्रवाशांकडून भाडं घ्यायचं तर राज्याच्या सार्वजनिक सुविधा आयोगाची परवानगी वेगळी. १० ऑगस्ट २०२३ ला आयोगाने ३ विरुद्ध १ मतांनी क्रूझ आणि गूगलच्या गटातली वेमो या दोघांना चोवीस तास सशुल्क सेवेला मंजुरी दिली. अपघात त्यानंतर दोन महिन्यांच्या आत झाला.

२४ ऑक्टोबरला डीएमव्हीने क्रूझचे विनाचालक परवाने निलंबित केले, तेव्हा गाड्यांच्या धोक्याबरोबर दिशाभूल करणाऱ्या माहितीचंही कारण दिलं. सप्टेंबर २०२४ मध्ये महिलेला फरफटत नेल्याचा उल्लेख नसलेल्या अपूर्ण अहवालाबद्दल केंद्रीय रस्ते सुरक्षा संस्थेने १५ लाख डॉलरचा दंड लावला. डिसेंबर २०२४ मध्ये जनरल मोटर्सने या टॅक्सी प्रकल्पाचा पैसाच थांबवला. सॉफ्टवेअरची चूक दुरुस्त करता येते. गाडी दुसऱ्यांदा हलली हे अहवालात आलं नाही, तर नियामकाच्या हातात काहीच उरत नाही, कारण सगळा पुरावा कंपनीच्याच सर्व्हरवर असतो.

वाहतुकीच्या दंडाची गंमत वेगळीच. सिग्नल तोडला तर पावती फाडायची कुणाच्या नावाने? कॅलिफोर्नियाच्या २०२४ च्या कायद्याने पोलिसांना थेट कंपनीच्या नावे नोटीस द्यायची सोय केली. अंमलाची तारीख १ जुलै २०२६. आपत्कालीन यंत्रणेने एखादा परिसर मोकळा करायला सांगितलं, तर कंपनीने दोन मिनिटांत आपल्या गाड्यांना तसा आदेश द्यायचा, हेही त्यात आहे. शिवाय गाडीत दोन्हीकडून बोलता येईल असं यंत्र हवं, म्हणजे दारात उभ्या असलेल्या अग्निशमन जवानाला दूर बसलेल्या कंपनीच्या माणसाशी बोलता येईल.